मातीचा ताप मोजणारा शास्त्रज्ञ

वसईत होळीच्या बाजारात भाजी घ्यायला आलेला माणूस वांगे उलटून पालटून कीड पाहतो, टोमॅटो हलकेच दाबतो, कोबीचा गड्डा भरीव आहे की पोकळ हे तळहातावर तोलतो. ही भाजी ज्या झाडावर आली त्याच्या मुळाशी माती किती तापली होती, हे मात्र तो कधी विचारत नाही. वाडीत राबणाऱ्या शेतकऱ्यापुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. बियाणे तेच, खत तेच, विहिरीचे पाणीही तेच; तरी एका हंगामात रोपे तरारून येतात आणि दुसऱ्या हंगामात भर दुपारी माना टाकतात. संध्याकाळी पाणी दिले तरी ती उठत नाहीत. झाड उपटून बुंधा चिरला की आत तपकिरी रेघ दिसते. शेतकरी त्याला मर म्हणतो आणि बहुतेक वेळा बियाण्याला दोष देतो.

या दोषारोपात तथ्य किती आणि मातीच्या उष्णतेचा वाटा किती, याचा हिशेब पहिल्यांदा शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्यांत एक नाव अग्रभागी आहे. ते म्हणजे लुईस राल्फ जोन्स. वनस्पतिरोगशास्त्राच्या जगात ते फार मोठे मानले जातात. त्यांच्या आयुष्याची उत्तरार्धातली मोठी लढाई एका साध्या भाजीसाठी होती. ती भाजी म्हणजे कोबी.

बटाट्यापासून सुरुवात

जोन्स यांचा जन्म ५ डिसेंबर १८६४ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, ब्रँडन या खेड्याच्या परिसरात झाला. शिक्षण आधी रिपन कॉलेजात आणि नंतर मिशिगन विद्यापीठात झाले. १८८९ मध्ये पदवी घेऊन ते ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात गेले. तिथले विद्यापीठ आणि त्याला जोडलेले कृषी संशोधन केंद्र हेच पुढची २० वर्षे त्यांचे कार्यक्षेत्र होते.

व्हरमाँट बटाट्याचा प्रदेश होता आणि बटाट्याचा मोठा शत्रू होता करपा. याच करप्याने १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये पिके बुडवली होती. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि तितक्याच लोकांनी देश सोडला. जोन्स व्हरमाँटला आले तेव्हा फ्रान्समध्ये शोधले गेलेले बोर्डो मिश्रण नवीन होते. मोरचूद आणि चुन्याचे हे निळसर पाणी आजही आपल्याकडे द्राक्षबागांत आणि सुपारीच्या बागांत फवारले जाते. जोन्स यांनी बटाट्यावर त्याच्या चाचण्या सुरू केल्या आणि त्या वर्षानुवर्षे चालू ठेवल्या. एखाद्या वर्षी फवारलेल्या आणि न फवारलेल्या शेतात जमीन-अस्मानाचा फरक पडे, तर एखाद्या वर्षी जवळपास काहीच फरक दिसत नसे. करप्याला गारवा आणि ओल लागते. ते नसले तर बुरशी असूनही रोग डोके वर काढत नाही. एकाच वर्षाचा प्रयोग पाहून निष्कर्ष काढणारा फसतो, हे जोन्स यांच्या मनावर इथे पक्के ठसले.

याच काळात त्यांनी गाजर कुजण्याच्या रोगाचा छडा लावला. घरात टोपलीच्या तळाशी राहिलेले गाजर काही दिवसांत बुळबुळीत होते, त्याला घाण वास येतो, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असते. १९०१ मध्ये जोन्स यांनी या सडण्यामागच्या जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. हा जिवाणू पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पेक्टिनचा थर विरघळवणारे विकर सोडतो, हेही त्यांनी पुढे दाखवले. भिंतीतला चुना निघून गेला की विटा जशा सुट्या होतात तसे गाजराच्या पेशींचे होते.

मेपल वृक्षाच्या रसावरही त्यांनी सहकाऱ्यांसह काम केले. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब असे चढउतार झाले की या झाडाचा गोड रस वाहू लागतो. त्याचा अभ्यास १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडाच्या आतले व्यवहार तापमानावर कसे हलतात याचे हे ठळक उदाहरण त्यांनी हाताळले होते. पुढे कोबीच्या वेळी ते उपयोगी पडले असावे.

डॉक्टरेट मिळाली त्याच वर्षी, १९०४ मध्ये, करप्याला तोंड देणारे बटाट्याचे वाण शोधायला ते युरोपात गेले. पूर्णपणे रोगमुक्त असा वाण त्यांना सापडला नाही. काही वाण कमी बळी पडत, काही जास्त, आणि तेही ठिकाणानुसार बदले. रोगप्रतिकार म्हणजे झाडाला एकदा मिळालेले कायमचे कवच नव्हे, ही शंका इथून पुढे त्यांच्या कामात वारंवार डोकावते.

रसीनची आजारी माती

१९०९ मध्ये जोन्स अमेरिकन वनस्पतिरोगशास्त्र संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. १९१० मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात वनस्पतिरोगशास्त्राचा नवा विभाग उभा करायला जन्मराज्यात परतले. विभाग नवा, पण समोर उभे राहिलेले संकट जुने होते.

राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, मिशिगन सरोवराच्या काठी, रसीन आणि केनोशा हे दोन जिल्हे कोबीसाठी प्रसिद्ध होते. तिथला कोबी हिवाळ्यात साठवण्यासाठी आणि मिठात आंबवून ठेवण्यासाठी जाई. वर्षानुवर्षे त्याच जमिनीत कोबी घेतल्याने शेते एकामागून एक निकामी होऊ लागली. लावणीनंतर काही आठवड्यांत पाने पिवळी पडत, बहुधा एकाच बाजूने. त्यामुळे रोप वाकडे होई, खालची पाने गळत आणि गड्डा धरायच्या आतच झाड जाई. शेतकऱ्यांनी या रोगाला पिवळ्या असेच नाव दिले होते.

कारण होते फ्युजेरियम ही जमिनीतली बुरशी. ती मुळातून शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढते. वरून कितीही बोर्डो मिश्रण फवारले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पीक बदलून काही वर्षे दुसरे काही लावले तरी ती मातीत टिकून राहते. एकदा शेत असे आजारी झाले की कोबीच्या दृष्टीने ते गेलेच, अशी परिस्थिती होती. ज्या कुटुंबांचे सगळे उत्पन्न या एका भाजीवर होते, त्यांच्यापुढे जमीन विकणे किंवा पेशा बदलणे असे दोनच मार्ग उरत होते.

जोन्स शेतात गेले तेव्हा त्यांचे लक्ष मेलेल्या झाडांपेक्षा जिवंत झाडांकडे गेले. पूर्ण बसलेल्या शेतातही तुरळक ठिकाणी एखादा गड्डा निरोगी उभा असे. तो योगायोगाने वाचला, की त्याच्यात काही वेगळे होते? हे कळायला एकच मार्ग होता. असे निवडक गड्डे उपटून हिवाळाभर जपायचे, वसंतात पुन्हा लावायचे, त्यांचे बी धरायचे आणि ते बी मुद्दाम सर्वांत आजारी जमिनीत पेरायचे. कोबी दुसऱ्या वर्षी फुलतो, म्हणून प्रत्येक पिढीला दोन वर्षे लागतात. जोन्स यांनी १९१० पासून हे काम सुरू केले. निवडलेल्या गड्ड्यांची संतती आजारी शेतात उभी राहिली आणि शेजारचे साधे बियाणे आडवे झाले, तेव्हा प्रश्नाचे उत्तर मिळाले. यातून विस्कॉन्सिन हॉलंडर हा वाण तयार झाला आणि रसीन परिसरातली कोबीची शेती पुन्हा उभी राहिली.

गोष्ट इथेच संपली असती तर जोन्स एक यशस्वी वाण देणारे शास्त्रज्ञ म्हणून लक्षात राहिले असते. पण नव्या वाणाच्या वागण्यात एक खोट होती. थंड उन्हाळ्यात तो जवळपास निर्दोष दिसे. कडक उन्हाळ्यात त्याच शेतात, त्याच बियाण्याची बरीच झाडे पिवळी पडत. आणखी एक विचित्र गोष्ट अशी की थंड उन्हाळ्यात साधा, रोगाला बळी पडणारा कोबीही बराचसा वाचून जाई.

एकच हवा, वेगळी माती

शेतात उन्हाळा कडक असला की हवा तापते, माती तापते, ओल कमी होते, ऊन वाढते. यातले नेमके कोण दोषी हे शेतात उभे राहून सांगता येत नाही. त्यासाठी बाकी सगळे समान ठेवून फक्त मातीचे तापमान बदलता आले पाहिजे. जोन्स यांचे विद्यार्थी जोसेफ गिलमन यांनी कोबीच्या या रोगाचा तापमानाशी असलेला संबंध १९१६ मध्ये मांडला. पुढे जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी खास साधन घडवले. ते जगभर विस्कॉन्सिन टाक्या या नावाने ओळखले गेले.

रचना साधी होती. हरितगृहात पाण्याच्या टाक्यांची रांग. प्रत्येक टाकीत मातीने भरलेले धातूचे डबे पाण्यात बुडवलेले आणि डब्यांत रोपे. प्रत्येक टाकीतले पाणी वेगवेगळ्या ठरावीक तापमानाला राखलेले. पाने सगळ्यांची एकाच हवेत आणि एकाच उजेडात; मुळे मात्र कुणाची गार मातीत, कुणाची कोमट, कुणाची तापलेल्या. डॉक्टर रुग्णाच्या काखेत थर्मामीटर ठेवतो. इथे थर्मामीटर मुळाशी होता.

कोबीचे चित्र स्पष्ट झाले. माती सुमारे १७ अंश सेल्सिअसच्या खाली असली की बुरशी मातीत भरपूर असूनही रोग जवळपास दिसत नाही. तापमान वाढत जाते तसा रोग वाढतो आणि २६ ते २९ अंशांच्या आसपास कळस गाठतो. त्याहून खूप तापल्यावर तो पुन्हा उतरू लागतो. म्हणजे शेतकऱ्याला दिसणारी चांगली आणि वाईट वर्षे नशिबाचा खेळ नव्हती. मुळांभोवतीच्या मातीतले काही अंश गड्डा घरी येणार की नाही हे ठरवत होते.

टाक्या तयार झाल्यावर इतर पिकेही तपासली गेली, आणि उष्णता वाईट व गारवा चांगला असा सोपा नियम टिकला नाही. जेम्स जॉन्सन यांनी तंबाखूच्या मूळकुजीवर काम केले. तो रोग गार मातीत जोर धरतो आणि माती ३० अंशांच्या जवळ गेली की जवळपास नाहीसा होतो. कांद्याच्या काणीचे तसेच निघाले. ती कोवळ्या रोपाला गार मातीत पकडते आणि माती २९ अंशांपर्यंत तापली की लागत नाही. अमेरिकेच्या उत्तरेत ही काणी छळते आणि दक्षिणेत ती का दिसत नाही, या जुन्या कोड्याचे उत्तर त्यातून मिळाले.

सर्वांत बोलका प्रयोग जेम्स डिक्सन यांचा होता. त्यांनी गव्हाची आणि मक्याची रोपे मारणारी एकच बुरशी घेतली. गव्हाला ती उबदार मातीत मारत होती आणि मक्याला गार मातीत. बुरशी तीच असताना निकाल उलटे कसे? गहू थंडीचे पीक आहे, मका उष्णतेचे. आपल्याला न मानवणाऱ्या मातीत दोन्ही रोपांची वाढ बिघडते, पेशींच्या भिंती कच्च्या राहतात आणि शत्रूला वाट मिळते. म्हणजे माती फक्त बुरशीला बळ देत नव्हती, ती झाडाची ताकदही वाढवत किंवा कमी करत होती. जोन्स, जॉन्सन आणि डिक्सन यांनी हे सगळे काम १९२६ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केले. रोग होण्यासाठी रोगकारक, पीक आणि परिस्थिती या तिघांचे जुळावे लागते, हे कृषी महाविद्यालयातला विद्यार्थी आज पहिल्याच वर्षी शिकतो. त्यामागे या टाक्यांचा मोठा आधार आहे.

दोन प्रकारचा प्रतिकार

विस्कॉन्सिन हॉलंडरची खोट अजून शिल्लक होती. ती सोडवली जोन्स यांचे विद्यार्थी जॉन चार्ल्स वॉकर यांनी. वॉकर रसीनचेच, कांदा आणि कोबीच्या शेतीत वाढलेले. बुडणारी शेते त्यांच्या गावाकडची होती. कोबीचा प्रतिकार दोन वेगळ्या प्रकारांचा असतो, हे त्यांनी दाखवले. एका प्रकारात एकच प्रभावी जनुक काम करते. ते ज्या झाडात असेल ते तापलेल्या मातीतही टिकते. दुसऱ्या प्रकारात अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. हा प्रतिकार गार मातीत चांगला चालतो, पण माती २४ अंशांच्या वर गेली की ढासळतो. विस्कॉन्सिन हॉलंडरकडे हा दुसरा प्रकार होता.

यातून निवडीची पद्धतच बदलली. थंड वर्षी शेतात उभे राहिलेले झाड खरोखर मजबूत आहे की केवळ हवामानाने वाचले आहे, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून रोपांना मुद्दाम तापवलेल्या, बुरशीने भरलेल्या मातीत परीक्षा द्यायला लावायची आणि त्यातून तरणारीच पुढे न्यायची. पुढे आलेल्या कोबीच्या वाणांत हा पक्का प्रतिकार आणला गेला.

आपल्या गुरूने दिलेल्या वाणाची मर्यादा विद्यार्थ्याने उघड केली, पण ती उघड करण्याचे साधन गुरूच्याच विभागात तयार झाले होते. जोन्स यांची खरी कमाई कदाचित हीच. त्यांनी एक वाण दिला आणि त्या वाणाला प्रश्न विचारण्याची रीतही दिली.

तीच परीक्षा, आपल्या मातीत

ही रीत भारतातही आली. गिलमन पुढे आयोवात प्राध्यापक झाले. त्याच आयोवातील कॉलेजातून डॉक्टरेट घेतलेले बी. बी. मुंडकूर यांनी कापसाच्या मर रोगावर काम केले आणि १९४७ मध्ये भारतीय वनस्पतिरोगशास्त्र संस्थेची स्थापना केली. कापसाची मरही फ्युजेरियमचीच. पुण्यात बी. एन. उप्पल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मरीला दाद न देणारा कापूस निवडताना रोपांना बुरशीयुक्त मातीत, रोगाला पोषक तापमान राखून पारखण्याची पद्धत वापरली. विस्कॉन्सिनमध्ये कोबीला द्यावी लागलेली परीक्षा इथे कापसाने दिली.

भाज्यांच्या बाबतीत हा प्रश्न आजही जिवंत आहे. टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना रोखणारे एक जनुक रानटी टोमॅटोतून लागवडीच्या वाणांत आणले गेले आहे. ते उत्तम काम करते, पण माती २८ अंशांच्या वर गेली की त्याचा प्रभाव ओसरतो. कोकणात उन्हाळ्यात उघड्या वाफ्यातली माती या पातळीच्या वर सहज जाते. बियाण्याच्या पाकिटावर रोगप्रतिकारक हा शब्द छापलेला असतो. किती अंशांपर्यंत, हे सहसा छापलेले नसते. झाडे बसली की शेतकऱ्याला वाटते बियाणे खोटे निघाले. मग तो औषधांची मात्रा वाढवतो. मुळातून शिरणाऱ्या रोगाला वरच्या फवारणीने फारसा फरक पडत नाही, पण खर्च वाढतो आणि औषधाचा अंश भाजीवर राहण्याची शक्यताही.

मातीच्या उष्णतेशी व्यवहार करणे कोकणाला अपरिचित नाही. भाताच्या रोपवाटिकेत पालापाचोळा, शेण आणि फांद्या जाळून राब भाजण्याची चाल पालघर-ठाण्यात जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह या पद्धतीचा अभ्यास केला होता. राबाचा फायदा केवळ राखेतून मिळत नाही, माती भाजल्यानेही मिळतो, याकडे त्या अभ्यासाने लक्ष वेधले. आता एप्रिल-मेमध्ये ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक ४ ते ६ आठवडे अंथरून उन्हानेच माती तापवली जाते. त्या उष्णतेत अनेक रोगकारक बुरशी आणि सूत्रकृमी मरतात. पीक उभे असताना मात्र उलट करावे लागते. भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा यांचे आच्छादन आणि थोडी सावली मुळाजवळची माती गार ठेवते. पारदर्शक प्लास्टिक माती सर्वांत जास्त तापवते, काळेही ऊब वाढवते, तर पेंढा ती उतरवतो. म्हणून आच्छादन कोणते हे हंगाम पाहून ठरवावे लागते. आणि वाण निवडताना तो कोणता रोग रोखतो याबरोबरच तो उन्हाळी मातीत पारखलेला आहे का, हे विचारणे शहाणपणाचे ठरते.

जोन्स १९३५ मध्ये निवृत्त झाले आणि १९४५ मध्ये, ८० वर्षांचे असताना त्यांचे निधन झाले. व्हरमाँटमध्ये असताना त्यांनी वनसंरक्षणासाठीही खटपट केली होती. तिथल्या राज्याने १९०९ मध्ये घेतलेल्या पहिल्या सरकारी वनाला आज त्यांचे नाव आहे. रसीनच्या शेतात त्यांच्या नावाची पाटी नाही, आणि फ्युजेरियम त्या मातीतून कधी हद्दपारही झाली नाही. बुरशी मातीत राहिली आणि तिच्यासोबत कोबीही पिकत राहिला. हा समेट कोणत्या तापमानापर्यंत टिकतो, ते मोजायला जोन्स यांनी शिकवले. त्यासाठी लागणारे साधन आज फार महागही नाही: एक साधा थर्मामीटर, वाफ्यात चार बोटे खोल, भर दुपारी.